आवाज कोणासाठी राखलात

काल तुमच्या सुमनबाई येऊन गेल्या. ओसरीत बसल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "बाई, भाऊ आता प्रभूजवळ हायेत." मी चहा ठेवायचं निमित्त करून उठले. गॅससमोर उभी राहून मनात तुम्हाला म्हटलं, त्याच्याजवळ तर तुम्ही दुखणं लागल्यापासूनच होतात. माझ्याजवळ कधी होतात, ते कोणी सांगत नाही.

लोकांना वाटतं मला धक्का बसला आहे, म्हणून मी रडत नाही. मंदा पांढुर्ण्याहून येते, माझ्या तोंडाकडे पाहते आणि म्हणते, "आई, रडून घे वं. मोकळं वाटीन." तिला कसं सांगू? लेकीला सांगायची गोष्ट नाही ही. सवतीबद्दल बाईला जे वाटतं, ते मला देवाबद्दल वाटून राहिलं आहे. मी तुमच्या येशूवर जळते. तोंडानं हे मला कधी बोलता आलं नसतं. लिहिलेलं कोणी वाचणार नाही, म्हणून लिहिते. तुम्ही तरी वाचाल की नाही, ठाऊक नाही.

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. आपलं लग्न झालं तेव्हा तुम्ही संत्र्याच्या ट्रकसोबत दिल्लीला, कलकत्त्याला जात होतात. आपल्या रामाकोन्यात आपल्या बाजूला फोन एकच, किसनकाकांच्या किराणा दुकानात. तुमचा फोन आला की काका दुकानाबाहेर येऊन साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचे, "ओ सूनबाई! या लवकर! धनी बोलून राहिला कलकत्त्याहून, त्याचं मीटर पळून राहिलं!" मी पदर सावरत धावत जायची. तेल घ्यायला, साखर घ्यायला आलेली माणसं माझ्याकडे पाहत उभी. काका हातभर अंतरावर, हातात तराजू आणि कान माझ्याकडे. तुम्ही विचारायचात, बरी आहेस का. मी म्हणायची, हो. गाय व्याली का. हो. मी पुढच्या हप्त्यात येतो. हो. फोन ठेवला की काका म्हणायचे, "अवं, निसतं हो हो काय करून राहिली होती? एवढ्या दुरून बोलते तो, एखादा शब्द त्यालेही दे!" मग दुकानभर हशा. घरी पोचेपर्यंत माझे कान गरम असायचे.

तुम्ही घरी आलात तरी आपल्यात फार बोलणं नव्हतंच. तुम्हीही घुमे. "मंदाची माय, पाणी दे." "मंदाची माय, दार लावलं का?" माझं नाव तुम्ही कधी घेतलं नाही, तुमचं मी घेतलं नाही. आपल्याकडे घेतच नाहीत. मला त्याचं दुःख नव्हतं. मला वाटायचं, काही माणसांच्या आत बोलणंच नसतं. माणसाजवळ जे नाहीच, ते मागून काय उपयोग? वीस-पंचवीस वर्षांचा संसार मी त्याच समजुतीवर केला. सुखानं केला, हेही लिहून ठेवते.

मग तुमचा आवाज बसला. आधी आपण थंडीवर ढकललं. मी काढा केला, सौंसरच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, महिना गेला, दुसरा गेला, आवाज काही सुटेना. त्यानं नागपूरला पाठवलं. तिथे तुम्हाला एका थंड्या खोलीत नेऊन गळ्यात नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वराच्या पेटीवर गाठ आहे, कॅन्सर आहे.

परतीच्या बसमध्ये सुमनबाई भेटल्या. आपल्या बाजूच्या सीटवर होत्या. तुमच्या मांडीवरची दवाखान्याची पिशवी पाहून त्यांनी विचारलं, "भाऊ, काय झालं जी?" तुम्ही अनोळखी बाईशी कधी बोलत नव्हतात. पण तुम्ही गळ्याला हात लावून दाखवलात. "मी प्रार्थना करू का तुमच्यासाठी?" तुम्ही मान हलवलीत. आणि त्यांनी भर बसमध्ये, कंडक्टर तिकिटं फाडत असताना, तुमच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली, डोळे मिटले आणि येशूशी बोलायला लागल्या. सावनेर मागे पडलं तरी चालूच. तुमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी खिडकीकडे तोंड केलं. तुम्हाला ताप आला तर लोकांसमोर तुमच्या कपाळाला हात लावायची मला सोय नव्हती. तुम्ही मान बाजूला घ्यायचात, "लोक पाहून राहिले." आणि ही कोण कुठली बाई तुमचा गळा धरून बसली होती. माझं जळणं तिथून सुरू झालं, सावनेरच्या अलीकडे की पलीकडे ते आता आठवत नाही.

मग आपण दर रविवारी सौंसरला जायला लागलो. सुमनबाईंच्या घरामागे पत्र्याची खोली, तिच्या मागे संत्र्याची बाग. वीस-पंचवीस माणसं सतरंजीवर बसायची. तिथे कोणी आपल्याला देव्हारा काढा म्हटलं नाही, नाव बदला म्हटलं नाही. गावात मात्र कुजबुज झाली. तुमचे धाकटे भाऊ, माझे भाऊजी, घरी येऊन तावातावानं बोलले. तुम्ही बाप्तिस्मा घेतला नव्हता, शेवटपर्यंत घेतला नाहीत. भाऊजींना एवढंच म्हणालात, "मले बरं व्हायचं हाय. आन् मले तिथं बोलता येते. बाकीचं मंग पाहू." मले तिथं बोलता येते. मी तेव्हा त्या शब्दांकडे लक्ष दिलं नाही.

तसं पाहिलं तर पहिल्याच रविवारी ते माझ्या कानावर पडलं होतं. प्रार्थनेच्या शेवटी सगळे गोल उभे राहून एकमेकांचे हात धरायचे. एकानं मोठ्यानं प्रार्थना करायची आणि संपली की शेजारच्याचा हात दाबायचा. मग त्याची पाळी. ज्याला बोलायचं नसेल त्यानं नुसता पुढचा हात दाबायचा, पाळी पुढे सरकते. कोणी काही म्हणत नाही, कोणी डोळे उघडून पाहतही नाही. ती रीत मला फार आवडली. माझ्यासारख्या कुठल्या तरी बाईनंच ती पाडली असेल.

तुम्ही माझ्या आधी होतात. मी धरूनच चालले होते की तुम्ही माझ्यासारखे. तुमची पाळी आली आणि तुम्ही माझा हात दाबायची मी वाट पाहत राहिले. दाबला जाईना. कोणी तरी बसक्या आवाजात बोलायला लागलं. कोण नवीन माणूस आला म्हणून मी डोळे उघडून पाहिलं, तर ते तुम्ही होतात.

"प्रभू, मले भेव लागते," तुम्ही म्हणत होतात. "कोणाले सांगितलं नाही मी. मरनाचं नाही लागत. त्या दवाखान्यात थंड्या खोलीत एकट्याले नेतात, तिचं लागते. आन् ही कुसुम, माह्याजवळ उभी हाय. ही एकटी बसमधी बसत नाही. उतरायचं ठिकान कोणाले विचारत नाही, लाजते. माह्या मांगं हिचं कसं होईन? तूच पाह्य आता."

कुसुम. शाळेत हजेरीला घ्यायचे, माहेरी आई घ्यायची, नंतर ते नाव असंच पडून होतं. तुमच्या तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकलं आणि ती मला मारलेली हाक नव्हती. तुम्ही दुसऱ्या कोणाला माझी ओळख करून देत होतात. माझ्याकडे पाठ करून माझ्याबद्दल बोलावं तसं. तुमचं संपलं, तुम्ही माझा हात दाबलात. मी पुढच्या बाईचा हात असा दाबला की ती "आई गं" म्हणाली. लोकांना वाटलं तिला पवित्र आत्म्यानं स्पर्श केला.

त्याच्या पुढच्या खेपेला डॉक्टरनं ऑपरेशनचं सांगितलं. स्वराची पेटीच काढून टाकायची. गाठ जाईल, जीव राहायची आशा बरीच, पण बोलणं जाईल. तुम्ही तिथल्या तिथे नाही म्हणालात. घरी आल्यावर अंगणात आपण तुरीच्या शेंगा सोलायला बसलो आणि मी विषय काढला. एवढं सलग मी तुमच्याशी पहिल्यांदाच बोलले असेन.

"आपरेशन करून घ्या."

"आवाज जाते त्यात."

"जाऊ द्या. जीव तं राहीन."

"मंग प्रार्थना कायनं करू?"

"मनात करा. तो मनातलंही ऐकते म्हनता ना?"

"मनातलं मनातच राह्यते, मंदाची माय. तोंडानं बोललं का बाहेर येते. मले आत्ता आत्ता जमून राहिलं ते."

"आन् माह्याशी? माह्याशी बोलाले कुठं लागला तुमाले आवाज? एवढी वर्सं बिना आवाजाचीच तं काढली आपन."

तुम्ही शेंग तशीच हातात धरून बसलात. मला वाटलं, आता बोलाल. तुमचे ओठही हलले. "तुले नाही समजत त्यातलं," म्हणालात आणि सूप उचलून आत गेलात. ते भांडण तिथेच अंगणात पडून राहिलं. सालपटं मी झाडून टाकली, ते झाडता आलं नाही.

सुमनबाईंनीही तुम्हाला समजावलं होतं. लोक काही म्हणोत, मी खोटं लिहिणार नाही. "भाऊ, डॉक्टरच्या हातानंही देवच काम करते. आपरेशनले नाही म्हनू नका जी," असं त्या माझ्यासमोर म्हणाल्या. तुम्ही हसून म्हणालात, "बाई, तुमी प्रार्थना करा." मला त्या दिवशी एवढी काळजी, तरी मनात कुठे तरी बरं वाटलं. त्यांचंही ऐकलं नाहीत.

ऑपरेशनऐवजी डॉक्टरनं लाइटचे शेक दिले, रेडिएशन म्हणतात ते. आपण नागपूरला धर्मशाळेत राहिलो. थंड्या खोलीच्या दारापर्यंत मी यायची. दार लागायच्या आधी तुम्ही मागे वळून पाहायचात आणि मला माहीत असायचं की तुम्हाला भीती वाटते. पण ते मला चोरून माहीत होतं, तुम्ही सांगितलेलं नव्हतं. म्हणून मी काही बोलू शकत नव्हते. शेकांनी तुमचा गळा आतून भाजला. पाणी गिळतानाही डोळे घट्ट मिटायचात. मी ज्वारीची आंबील पातळ करून, फडक्यातून गाळून, निववून चमच्यानं भरवायची. तुम्ही एक चमचा घ्यायचात आणि दुसऱ्याला हात आडवा करायचात. मी तो हात खाली करायची. असं किती चालायचं.

आणि गाठ विरली. खरंच विरली. डॉक्टर म्हणाले, सध्या काही दिसत नाही, तपासायला येत राहा, आणि कमी बोला, गळ्याला आराम द्या. आवाज परत आला, पहिल्यापेक्षा जाड, पण आला. तुम्ही म्हणालात, चंगाई झाली, प्रभूनं बरं केलं. मी म्हटलं, झाली. मला काय, कोणीही करो.

पुढच्या रविवारी तुम्ही गवाही द्यायला उभे राहिलात. बरं झालेला माणूस तिथे सगळ्यांसमोर उभा राहून आपलं कसं झालं ते सांगतो, तिला गवाही म्हणतात. तुम्ही सगळं सांगितलंत. प्रभूचे आभार मानलेत, सुमनबाईंचे मानलेत, डॉक्टरचे मानलेत. बसच्या एका कंडक्टरनं तुम्हाला खिडकीची जागा करून दिली होती, त्याचेही मानलेत. शेवटी म्हणालात, "आन् घरच्यायनंही सेवा केली." सगळे म्हणाले, हालेलुया.

बस स्टँडकडे चालताना मी विचारलं, "घरचे म्हंजे कोण?"

"आँ?"

"घरच्यायनं सेवा केली म्हने. घरी तं मी आन् गाय, दोघीच. गाईनं केली का?"

तुम्ही रस्त्यात थांबून हसलात. खोकला लागेपर्यंत हसलात. "लय बोलाले लागली तू," म्हणालात. पण नाव नाही घेतलंत.

त्या चांगल्या महिन्यांत तुम्ही रोज संध्याकाळी मागच्या दारात बसायचात, निंबाच्या झाडाकडे तोंड करून, आणि त्याच्याशी बोलायचात. मागचं दार म्हणजे स्वयंपाकघराचंच दार. मी आत भाकरी थापायची. तिथे बसून मी माझा नवरा ऐकला. कलकत्त्याच्या वाटेवर एकदा ट्रक खड्ड्यात गेला आणि तुम्ही रात्रभर पेट्यांवर बसून राहिलात, ते मला कधी माहीत नव्हतं. मंदाच्या पाठवणीनंतर तुम्ही गोठ्यात जाऊन रडलात, ते माहीत नव्हतं. माझ्या टाचा भेगाळल्या आहेत, थंडीत त्यांतून रक्त येतं, हे तुम्हाला दिसतं, हेही माहीत नव्हतं. "तिच्या टाचा बऱ्या कर प्रभू," असं तुम्ही म्हणालात. मी आपल्या पायांकडे पाहिलं.

एका संध्याकाळी तुम्ही त्याला फोनचं सांगितलंत. "तिकडं परमुलखात मी फोनच्या लाइनीत उभा राहो. ती कायच बोले नाही. निसतं हो म्हने. त्या एका हो साठी मी उभा राहो, प्रभू."

माझी भाकरी तव्यावर करपली. वाटलं, आता हे आत येतील आणि मला सांगतील. एवढं सगळं बाहेर काढलं आहे, आता दोन पावलांवर तर मी आहे. तुम्ही आमेन म्हणालात, उठलात, हात धुतलेत, पाटावर बसलात. मी ताट वाढलं. मी तुमच्याकडे पाहत होते. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, खाल्ला आणि माझ्याकडे पाहिलंत.

"भाजीत मीठ जराक कमी हाय," म्हणालात.

मीठ कमी नव्हतं. तरी मी मिठाची वाटी पुढे सरकवली.

असं रोज. स्वतःच्या घरात, स्वतःच्या नवऱ्याचं, स्वतःबद्दलचं बोलणं मी चोरून ऐकायची. आणि त्या संध्याकाळची सकाळपासून वाट पाहायची. तुमची प्रार्थना लांबली तर चुलीजवळून उठावं लागू नये म्हणून चार भाकरी जास्त टाकायची. गाय कंटाळली असेल भाकरी खाऊन. ते दिवस मला देणारा तोच होता, हे मला समजतं. तो नसता तर तुम्ही काहीच बोलला नसतात आणि मला काहीच कळलं नसतं. उपकार मानावेत की भांडावं, हे ठरेपर्यंत ते दिवस संपले.

उन्हाळ्यात आवाज पुन्हा चिरला. गाठ आली होती, आणि पसरली होती. डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशनची वेळ गेली. श्वास कोंडायला लागला तेव्हा गळ्याला भोक पाडून नळी बसवली. बोलणं गेलं ते गेलंच. ज्याच्यासाठी ऑपरेशन केलं नाहीत, तेच आधी गेलं. मी म्हटलं होतं ना, असं मी म्हणाले नाही. तुम्हीही माझ्याकडे तसं पाहिलं नाहीत.

तरी संध्याकाळी तुम्ही मागच्या दारात बसायचात. ओठ हलायचे. मी भाकरी थापायची आणि मला काही ऐकू येत नव्हतं. तो ऐकत असेल. सगळ्यांत जास्त मी तेव्हा जळले. आधी निदान अर्धं माझ्याही कानावर पडत होतं. आता सगळंच्या सगळं त्याचं.

मग तो रविवार. तुम्हाला सौंसरला नेणं होत नव्हतं, म्हणून सुमनबाई चार-पाच जणांना घेऊन दुपारी घरी आल्या. मंदाही आली होती. सगळे तुमच्या खाटेभोवती गोल उभे राहिले. मी तुमचा हात धरला, मंदानं माझा दुसरा. सुमनबाईंनी प्रार्थना केली, बाकीच्यांनी केली, पाळी तुमच्यापर्यंत आली. सगळे थांबले. तुम्ही माझा हात दाबलात. मी लगेच मंदाचा दाबला.

मंदा तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही माझा हात पुन्हा दाबलात. मी मंदाचा पुन्हा दाबला.

"आई, काय करून राहिली वं?" मंदा कुजबुजली.

तुम्ही पुन्हा दाबलात. बांगडी मनगटात रुतली एवढा जोरानं. अंगात घोटभर पाणी गिळायचं त्राण नव्हतं आणि हातात कुठून आलं, कोणास ठाऊक. तेव्हा मला समजलं. तुम्ही पाळी माझ्यापुढे जाऊच देणार नव्हतात.

सगळे डोळे मिटून उभे. गोल तिथेच अडकलेला. किसनकाकांच्या दुकानात फोन कानाला लावून उभी राहायची, तसंच झालं. प्रार्थना 'हे प्रभू' म्हणून सुरू करतात, एवढं मला माहीत होतं. पण तोंडून निघालं ते वेगळंच.

"अहो," मी म्हटलं. "अहो, त्या दिवशी मीठ कमी नव्हतं."

मग खाटेपलीकडून कोणी तरी हळूच म्हणालं, "आमेन."

तुमचे खांदे हलायला लागले. नळीतून फसफस आवाज यायला लागला. मंदा घाबरली, "बाबा! बाबा, काय होऊन राहिलं?" तुम्ही हसत होतात. बिना आवाजाचे, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग मी उरलेलं भराभर बोलून टाकलं. "मी सगळं ऐकत होती. थंड्या खोलीचंही. फोनच्या लाइनीचंही. टाचांचंही. चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती मी." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. हात दाबला नाहीत, नुसता धरून ठेवलात.

मला अजून एक विचारायचं होतं. आवाज कोणासाठी राखलात? अंगणातलं भांडण पुरं करायचं होतं. पण भोवती एवढी माणसं. मी लाजले. मंदाचा हात दाबला आणि पाळी पुढे गेली.

त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. सकाळी, मी तुमच्यासाठी पाणी तापवायला आत गेले तेवढ्यात.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, सगळं आपल्या रीतीनं होईन." सुमनबाई म्हणाल्या, "बाई, तुमी म्हनान तसं." दोघंही मला विचारत होते, त्यांची काय इच्छा होती. मला काय माहीत? ते तुम्ही त्याला सांगितलं असेल, आवाज गेल्यावर, ओठांनी. मी म्हटलं, भाऊजी करतील तसं करू द्या, आणि सुमनबाई, तुमचं गाणं म्हणा. भाऊजींनी तोंड वाकडं केलं, पण अडवलं नाही. तुम्हाला नदीकडे नेलं तेव्हा सुमनबाई आणि त्यांच्या बाया गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून हळू आवाजात ते गाणं म्हणत होत्या. मी दारात उभी होते. दोन्ही बाजूंच्या माणसांना वाटत होतं, तुम्ही त्यांचे.

आता कालचं सांगते. चहा पिऊन सुमनबाई निघाल्या, चपला घालता घालता म्हणाल्या, "भाऊची प्रार्थना लय आठवते बाई. मले म्हनत, रविवारी तुमच्या इथं हळू करतो, गळा दुखते. पन घरी जरा जोरानंच करतो. चुलीपर्यंत गेली पाहिजे." आणि हसल्या, जणू काही मला ते ठाऊकच होतं.

मी पण हसले. त्या गल्लीच्या वळणावर जाईपर्यंत दारात उभी राहिले. मनात पहिली गोष्ट आली ती हीच की त्यांना सांगितलं, मला नाही. ह्या बाईला बसमध्ये गळा दिला, आणि हेही दिलं.

दुसरी गोष्ट कपबशी धुताना मनात आली. हातातली बशी तशीच नळाखाली राहिली. डॉक्टरनं तुम्हाला कमी बोला म्हणून सांगितलं होतं. सौंसरला तुम्ही हळू बोलत होतात आणि मागच्या दारात जोरानं. म्हणजे ते माझ्याशी होतं? त्याला मध्ये उभा करून, जसे किसनकाका तराजू धरून मध्ये उभे राहायचे तसा? मग शेंगा सोलताना ज्याच्यासाठी ऑपरेशनला नाही म्हणालात, तो आवाज कोणासाठी राखला होता? त्याच्यासाठी असेल तर मी त्याच्याशी कधीच समेट करणार नाही. आणि माझ्यासाठी असेल तर तुमच्याशी भांडण आहे. मला मुका नवरा चालला असता. पहिल्यापासून मला मुक्या नवऱ्याचीच सवय होती. तो पाटावर बसला असता, मी वाढलं असतं, त्यानं हातानं खूण केली असती, मीठ कमी आहे. मी म्हटलं असतं, नाही.

हे विचारायचं राहिलं आहे. दिवसभर कामं करताना तेच.

आज संध्याकाळी तवा ठेवायच्या आधी मी मागच्या दारात बसले, तुमच्या जागेवर, निंबाकडे तोंड करून. घरात कोणी नाही, तरी आधी आजूबाजूला पाहून घेतलं. मग मोठ्यानं म्हटलं, "प्रभू, मी कुसुम बोलून राहिली. रामाकोन्याहून. मले तुमच्याशी काम नाही, राग मानू नका. मंदाच्या बाबायले जरा बोलावून द्या."

गाईनं कान हलवले. मग मला वाटलं, तिकडे मंदाचे बाबा म्हणून कितीक जण असतील. त्याला कसं समजावं कोणाला हाक मारायची? नाव सांगावं लागेल.

पदर तोंडाशी धरला होता, तो खाली सोडला.

"वामन," मी म्हटलं. "रामाकोन्याचे वामन. संत्र्याच्या ट्रकवर होते ते. आन् ते आले का तुमी जरा दूर उभे राहा."